भिंतीच्या कोपऱ्यातला नंबर

माजलगाव
बुधवार, दुपार

प्रिय ऋतुजा,

भिवराबाई उद्या सकाळी तुमच्या ऊसतोडीच्या टोळीत यायला निघतेय. तिच्याजवळ हे पत्र देतेय. शाळेच्या दाखल्याचे कागद आहेत, ऋतुजाच्याच हातात द्यायचे, असं मी तिला बजावलंय. तिला वाचता येत नाही हे माझ्या पथ्यावर पडलं. पोरांना शिकवणाऱ्या बाईनं असं म्हणायला लाज वाटते, पण पडलं खरं. फोन केला असता, पण तुझा फोन आदिनाथच्या खिशात असतो आणि आला की स्पीकरवर टाकून सगळ्या कोपीला ऐकवतात, हे तुझ्या आईनंच मला कौतुकानं सांगितलं. जावई किती काळजी घेतो बघा, असं तिचं म्हणणं. म्हणून पत्र. मला कागदावर लिहायची सवय नाही. माझी अक्षरं वीतभर उंचीची असतात, त्यामुळं चार ओळींत पान संपेल की काय अशी भीती होती. पण सांगायचं बरंच आहे.

आधी घरची बातमी. पौर्णिमाला बघून गेले. गेल्या आठवड्यात आष्टीकडचे पाहुणे आले होते. पसंती झाली, सुपारी फुटली, आणि येत्या रविवारी त्यांच्याच शेतात उरकून टाकायचं ठरलंय. पत्रिका नाही, मांडव नाही, वाजंत्री नाही. अक्षता पडल्या की चार दिवसांत नवराबायको जोडीनं ऊसतोडीला. मुकादम एकट्या माणसाला टोळीत घेत नाही, त्याला कोयता लागतो, म्हणजे जोडी लागते, हे तुला मी काय सांगायचं. पौर्णिमा आठवीत आहे. तिला चौदा वर्षं झाली आषाढात. तुला हे कुणी कळवलं असेल असं मला वाटत नाही.

मी तुमच्या गावात पहिल्यांदा आले तेव्हा तू दुसरीत होतीस आणि पौर्णिमा तुझ्या आईच्या कडेवर होती. बाई शिडीवर चढलीय म्हणून अर्धी शाळा खाली तोंड वर करून उभी होती, त्यात तूही होतीस. सलवारीचे पायचे मी सुतळीनं बांधून घेतले होते आणि तू सगळ्यांत मोठ्यानं हसलीस. व्हरांड्यात सरस्वती काढायची होती. पारावरच्या दोघांनी राधाकिशन सरांना विचारलं, "सर, पेंटर बाई कुणाच्यातल्या हायत?" वस्तीवरच्या बाईनं सरस्वती काढावी का, असा तो प्रश्न होता. सर म्हणाले, "रंगाच्यातल्या," आणि चहा सांगायला निघून गेले. मुख्याध्यापक म्हणून त्यांच्यात उणिवा पुष्कळ होत्या, पण त्या एका उत्तरासाठी मी त्यांच्या शाळेच्या सगळ्या भिंती एकेक हात जादा मारून दिल्या.

हे काम मला वडिलांकडून, आबांकडून आलं. कारभारी पेंटर म्हटलं की माजलगावच्या मोंढ्यात अजून म्हातारी माणसं मान हलवतात. गेरूत भिजवलेला दोरा भिंतीवर ताणायचा, मधोमध उचलून सोडायचा, की सरळ रेघ उमटते. त्या दोऱ्याचं एक टोक धरायला मी सहाव्या वर्षापासून होते. सिमेंट, पाइप, सरकीचं बियाणं, निवडणुकीचे पंजे आणि घड्याळं, सगळं आम्ही रंगवलं. विहारातला बुद्ध मात्र आबा एकटेच काढायचे आणि तिथं खाली नाव घालायचे नाहीत. बाकी प्रत्येक भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात नाव, गाव आणि नंबर. "भिंत हेच आपलं दुकान, बाय, अन् कोपरा म्हंजी त्याची पाटी," असं ते म्हणायचे. मग फ्लेक्स आला. एका रात्रीत छापून मिळणारा चेहरा सोडून तीन दिवस कोण थांबणार? आबांनी ब्रश रॉकेलमध्ये बुडवून ठेवले ते परत काढलेच नाहीत. ते गेले आणि मी शाळांच्या मागे लागले. पाढे, नकाशा, ऋतू, स्वच्छतेचे संदेश. भिंतीवर छापता येत नाही तेवढंच काम माझ्या वाट्याला उरलं. पण मी ते जीव लावून केलं आणि आबांसारखाच कोपऱ्यात नंबर घातला.

बाईचा नंबर चौकातल्या भिंतीवर असला की काय होतं, हे आबांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. एस.टी.ची वाट बघणारा कुणीही रिकामटेकडा तो लावतो. आधी नुसता श्वास ऐकू येतो. मग "जेवलीस का?" मग त्याच्या पुढचं. काही जण आवाज बारीक करून बाईसारखं बोलतात आणि मागं चारपाच जण खिदळत असतात. नंबर बदल, असं लोक म्हणाले. एवढ्या गावांतल्या भिंती पुसत कोण फिरणार? मग मी उपाय काढला. फोन उचलायचा, तीन आकडे मोजायचे, पलीकडून धड नाव ऐकू आलं नाही की शिव्या हासडायच्या आणि बंद करायचा. माझ्या शिव्या तुम्हा पोरांनाही ठाऊक होत्या. वर्गात फोन आला की तुम्ही कान टवकारून बसायचात. मला त्याचा अभिमान होता, ऋतुजा. एकट्या बाईनं स्वतःला राखलं, असं मी सगळ्यांना सांगायची.

शनिवारचा चित्रकलेचा वर्ग मी सरांच्या गळी उतरवला. पहिल्या शनिवारी चाळीस पोरांनी चाळीस चित्रं काढली. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, काठी नारळाचं झाड. मी विचारलं, आपल्या गावात नारळ कुठाय रे? सगळे कागद गोळा केले आणि म्हणाले, डोळ्यांनी बघितलंय तेवढंच काढायचं. मग काय काय आलं! उसानं भरलेली ट्रॉली, कालव्याच्या कडेचं बाभळीचं झुडूप, कापसाच्या गंजीवर झोपलेलं कुत्रं, हंगामात कुलूप लागलेली घरं. तू काढलीस ती कोपी, फडावरची तुमची झोपडी. आतून काढलीस. पाचटाच्या भिंतीतून येणारे उजेडाचे ठिपके काढायला पांढरा रंग नव्हता म्हणून तू कागदाला टाचणीनं भोकं पाडलीस. माझ्या उभ्या जन्मात मला ते सुचलं नसतं. आणि तुझी माणसं नेहमी पाठमोरी असायची. चेहरा का काढत नाहीस, असं मी विचारलं तर म्हणालीस, "मॅडम, ऊस तोडताना आईची पाठच दिसती की."

आठवीत असताना ती रस्त्याकडची भिंत आली. बालविवाह थांबवा. वरून नमुना आला होता, पुस्तक घेतलेली मुलगी आणि तुटलेली बेडी. मी तो बाजूला ठेवला आणि मुलगी तुला काढायला दिली. तू शाळेकडे निघालेली, दप्तर पाठीवर, पाठमोरी मुलगी काढलीस. भिंतीएवढी. दोन शनिवार आणि एक रविवार लागला तुला. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, चेहरा दिसत नाही, हसरी मुलगी पाहिजे. मी वाद घातला नाही. एरवी शिडीवरून मुकादमाशी भांडणारी मी, साहेबापुढं गप्प बसले. भिंतीवरची तुझी मुलगी मी रात्रीत समोर वळवली, तिला दात दाखवायला लावले. सकाळी तू आलीस, बराच वेळ बघितलंस आणि म्हणालीस, "आता ती शाळंतून परत चाललीय असं वाटतंय." मी तुला म्हणाले, शहाणपणा करू नकोस, अक्षरं भर. तुम्ही पोरींनी अक्षरं भरली. खाली हातभर उंचीचा मदतीचा नंबर, १०९८. तुझ्या मैत्रिणीनं, रोहिणीनं विचारलं होतं, "मॅडम, चार आकड्यांचा फोन कुठं असतोय का?" मी हसले. सरकारचा असतो, असं म्हणून पुढच्या कामाला लागले. लावून दाखवायला मला दोन मिनिटं लागली असती. आणि उजव्या कोपऱ्यात, नेहमीसारखं, रंगकाम सत्यशीला पेंटर, माजलगाव, आणि माझे दहा आकडे.

आता जे लिहायचंय ते चार वर्षं मी तुला सांगायचं टाळलंय. त्या वैशाखात मी आष्टीजवळ एका शाळेच्या परांचीवर होते. ऊन असं होतं की रंग डब्यातच साय धरत होता. सकाळपासून चार घाणेरडे फोन येऊन गेले होते. बाराच्या सुमाराला पाचवा आला. नुसता श्वास. मी तीन मोजले आणि सुरू झाले. लगेच पुन्हा तोच नंबर, पुन्हा श्वास, पुन्हा मी. तिसऱ्यांदा आवाज आला. बारीक आवाज, "म्याडम... म्या..." मला वाटलं, पोरं बाईचा आवाज काढताहेत. मी म्हणाले, परत फोन केलास तर नरड्यावर पाय देऊन मारीन. त्याआधी आणि त्यानंतर जे म्हणाले ते इथं लिहीत नाही. तू ऐकलं आहेसच. मग मी त्या नंबरचे फोन कायमचे बंद करून टाकले आणि खाली बघून मजुराला म्हणाले, अशी जिरवायची एकेकाची. तो हसला. मीही हसले.

जूनमध्ये रोहिणी दाखला न्यायला शाळेत आली. तू का आली नाहीस, असं मी विचारलं, तर ती माझ्याकडे बघेचना. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लग्नाला दोन दिवस राहिले होते. तिनं आईचा फोन चोरून आणला आणि तुम्ही दोघी भर उन्हात त्या भिंतीपाशी उभ्या राहून आकडे वाचत होतात. चार आकड्यांचा खोटा असणार, मॅडमचा खरा आहे, असं तूच म्हणालीस म्हणे. पहिल्या दोन वेळा तुझ्या तोंडून शब्द फुटेना. "मॅडम, तुमी लई घाण बोलल्या तिला," असं रोहिणी म्हणाली. "ऋतुजा म्हणली, मॅडमला पयलंच माहीत हाय. त्या बी माझ्या बापाच्याच बाजूनं हायत, म्हणून चिडल्यात." मग तू घरी गेलीस आणि तिथून पुढं कुणापुढंच बोलली नाहीस.

त्या शिव्या तुला नव्हत्या, ऋतुजा. हे एवढं वाक्य मी चार वर्षांत तुझ्यापर्यंत पोचवू शकले असते. तू दिवाळीला माहेरी यायचीस, मी शनिवारी त्याच गल्लीतून जायची. एकदा तू दारात बसून पोराला न्हाऊ घालत होतीस आणि मी मान खाली घालून मोटारसायकल पुढं काढली. सरांनी मला समजावलं होतं की झालं ते झालं, आता उकरलं तर पोरीचाच संसार मोडेल आणि शाळेचं नाव जाईल. मला ते पटलं, कारण मला पटवूनच घ्यायचं होतं. तुझं पहिलं मूल फडातच गेलं आणि तिसऱ्या दिवशी तू मोळ्या वाहिल्यास, हे कळलं त्या दिवशी मी दिवसभर काम केलं आणि संध्याकाळी जेवले. तेही खरंच सांगते. मागल्या वर्षी पेपरात आपल्या भिंतीचा फोटो आला, या भिंतीनं गाव बदललं म्हणून. मी ते कात्रण कापून कपाटात ठेवलं. असली बाई मी आहे.

गेल्या शनिवारी वर्ग सुटल्यावर पौर्णिमा मागं राहिली. तीही चांगलं काढते, पण तुझ्यासारखं नाही. तिला घाई असते. म्हणाली, "मॅडम, निळ्या रंगाची डबी घरी नेऊ का? परत आणून द्यायला जमंल का न्हाई, सांगता यायचं न्हाई." एवढंच. तिनं मला फोन केला नाही आणि करणारही नाही. तुमच्या घरात माझ्या फोनचा अनुभव आहे.

रविवारी मी तुमच्या घरी गेले. केसरबाईंनी चहा टाकला. रामकिसनभाऊंनी खुर्ची दिली. ते काही वाईट माणूस नाहीत, आणि त्यानंच सगळं अवघड होतं. ते म्हणाले, "म्याडम, आमी सा म्हैनं तिकडं फडात. वयात आलेली पोर मागं कुणाच्या भरवशावर ठिवायची? तुमी ठिवून घेता का?" मी चहाचा कप उचलला. मग म्हणाले, "थोरलीचं बी असंच केलं. काय वाईट झालं तिचं? एका शब्दानं न्हाई म्हणली न्हाई पोर. इचारा कुणालाबी." केसरबाईंनीही मान डोलावली. तू न बोलल्याच्या जोरावर ते धाकटीला देताहेत आणि तू बोलली होतीस हे आम्हा तिघांत एकट्या मला ठाऊक होतं. कप हातात होता. मी चहा पिऊन उठले. पौर्णिमा चुलीपाशी पाठ करून बसली होती, तिनं वळून बघितलं नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. आज सकाळी मी १०९८ लावला. एक्केचाळीस गावांत हा आकडा मी माझ्या हातानं काढलाय आणि आयुष्यात पहिल्यांदा तो लावला. दुसऱ्या रिंगला एका मुलीनं उचलला, शांतपणे सगळं लिहून घेतलं. शनिवारी माणसं गावात येतील, बरोबर पोलीस असतील. शेवटी तिनं विचारलं, या घरात याआधी असं लग्न झालंय का? नाही म्हणाले असते तर नुसती सुपारीच होती म्हणून सगळे सुटले असते आणि आठ दिवसांनी पौर्णिमाला दुसऱ्या कुठल्या शेतात उभं केलं असतं. मी हो म्हणाले. तुझं नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, आदिनाथचं नाव-गाव सांगितलं, तुमची टोळी कुठं आहे तेही सांगितलं. तुला न विचारता. तुझ्या पोराचं वय मोजलं की बाकीचं त्यांना आपोआप कळेल. आदिनाथवर गुन्हा होईल, तुझ्या आईबापांवर होईल, आणि दोन्ही घरं त्याचा राग तुझ्यावर काढतील, हे मला फोन ठेवायच्या आधीच माहीत होतं. तिकडं कुणी विचारायला आलं तर जे सांगितल्यानं तू आणि पोरगं सुखरूप राहाल ते सांग, मग ते खोटं असलं तरी. शनिवारच्या आत निघता आलं तर माझं घर आहे, भिवराबाईला रस्ता माहीत आहे. निघता येणार नाही, तेही मी समजते. तेव्हा तू स्वतःला वाचवायला मला हाक मारलीस तर मी तुला शिव्या दिल्या. आता पौर्णिमानं हाक मारली नाही, आणि तिला वाचवायला मी तुला पुढं केलं. माफ कर असं मी लिहिणार नाही. वाचून झालं की हे चुलीत घाल, आदिनाथला वाचता येतं.

तुझीच, तू म्हणू दिलंस तर,
सत्यशीला मॅडम